नोस्टर, लेमी, मॅस्टोडॉनवर नुसता फोटो दिसल्याने माझा आयपी पत्ता कुणाला कळू शकतो का?

कळू शकतो. (ही तिन्ही विकेंद्रित, म्हणजे एकाच कंपनीच्या ताब्यात नसलेली, समाजमाध्यमं.) तुम्ही लिहिलंय की टोपणनावाने वावरता आणि अनोळखी लिंकला हातही लावत नाही. पण फोटोला क्लिक लागतंच कुठे? पोस्ट पडद्यावर आली की ॲप तो आपणहून उतरवून घेतं, आणि जिथून उतरवतं त्या सर्व्हरच्या लॉगमध्ये, म्हणजे नोंदवहीत, तुमच्या आयपी पत्त्याची (इंटरनेट कनेक्शनच्या क्रमांकाची) एक ओळ पडते.

मी हे करून पाहिलंय. माझ्या सर्व्हरवर १ बाय १ पिक्सेलचं पारदर्शक चित्र ठेवलं, त्याची लिंक नोस्टरवर टाकली आणि दुसऱ्या खात्यातून ती पोस्ट फोनवर पाहिली. पडद्यावर काही म्हणजे काही दिसलं नाही. लॉगमध्ये मात्र फोनचा आयपी पत्ता, सेकंदापर्यंतची वेळ, फाइलचं नाव, सगळं हजर.

म्हणून प्लॅटफॉर्म विकेंद्रित आहे का, हे विचारून भागत नाही. फोटो कोण आणतं ते बघा: तुमचा फोन की तुमचं खातं ज्यावर आहे तो सर्व्हर? मॅस्टोडॉनमध्ये सहसा सर्व्हर आणतो. बाहेरच्या पोस्टमधले फोटो आणि प्रोफाइल फोटो तो स्वतःकडे उतरवतो आणि तुम्हाला आपली प्रत दाखवतो. बाहेरच्याला सर्व्हरचाच पत्ता दिसतो. (हौसेने घरी रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर एकट्यापुरता सर्व्हर चालवत असाल, तर तो पत्ता तुमच्या घरच्या कनेक्शनचाच, हे ध्यानात असू द्या.) लेमीमध्ये सगळे फोटो प्रॉक्सीतून, म्हणजे मधल्या सर्व्हरमार्फत, आणायची सोय २०२४ मध्ये आली, पण ती चालू ठेवायची की नाही हे त्या त्या सर्व्हरचा ॲडमिन ठरवतो. नोस्टरचे रिले (पोस्ट पोचवणारे सर्व्हर) फक्त मजकूर वाहतात. फोटो म्हणजे मजकुरातली लिंक, आणि मधे प्रॉक्सी नसेल तर ॲप थेट तिकडे धावतं.

आता, चार-पाचशे जणांनी पाहिलेल्या पोस्टच्या लॉगमध्ये तुमची ओळ कुठली हे कुणाला सहज कळत नाही. खरी गोम खासगी संदेशात आहे. फक्त तुमच्यासाठी वेगळ्या नावाची फाइल ठेवून तिची लिंक तुम्हाला पाठवली, की जी ओळ पडेल ती तुमचीच. तिथे एन्क्रिप्शनचाही उपयोग नाही, कारण संदेश तुमच्या फोनवर उलगडला की फोटो आणायला ॲप बाहेर जातंच.

आयपी पत्त्यावरून घर सापडत नाही, साधारण शहर आणि इंटरनेट कंपनी कळते. मोबाइल डेटावर एकच आयपीव्ही४ (जुन्या पद्धतीचा) पत्ता कितीतरी ग्राहकांत वाटलेला असतो, त्यामुळे थोडा आडोसा मिळतो. आयपीव्ही६ या नव्या पद्धतीत सहसा तोही नाही. ऑफिसच्या वायफायवरून वाचत असाल तर पत्ता थेट कंपनीच्या नावावर नोंदलेला असू शकतो. टोपणनावाने त्याच कंपनीबद्दल लिहिणाऱ्याला एवढं पुरे.

करायचं काय, तर नोस्टरच्या ॲपमध्ये फोटो आपोआप उतरवणं बंद करा, निदान अनोळखी लोकांचे तरी. फोटो धूसर दाखवण्याच्या सेटिंगवर विसंबू नका. धूसर फोटोसुद्धा आधी उतरवलेला असू शकतो. ॲपमध्ये टॉरची (पत्ता लपवणाऱ्या जाळ्याची) सोय असेल तर ती वापरा, नाहीतर अँड्रॉइडवर ऑर्बॉट हे टॉरचं ॲप आहे. व्हीपीएननेही (दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरमार्फत इंटरनेट वापरण्याने) पत्ता झाकला जातो, फक्त मग तुमचा खरा पत्ता त्या व्हीपीएनवाल्याकडे असतो.