फ्रीस्टाईलमध्ये 50 मीटरलाच दम लागतो. कोणते ड्रिल करू आणि रोज किती?

तुम्ही लिहिलंय, की 50 मीटर झाले की धाप लागते आणि कोच म्हणतात, "स्टॅमिना कमी आहे, फेऱ्या वाढवा." हे वाचून राहवलं नाही. आमच्या घरात याच वाक्यावरून अजून भांडण होतं.

मी पाठीला डबा बांधून शेतातल्या विहिरीत शिकले. शिकवलं चुलतभावाने, दादाने. विहिरीत मुंडकं वर ठेवूनच पोहतात आणि तिथे ते बरोबरच आहे, वरून कोण उडी टाकतंय ते दिसायला हवं. पुढे शहरातल्या तलावावर तीच मान घेऊन गेले. तिथला कोच काठावरून ओरडायचा, "अजून चार!" दादाचंही तेच, "दम वाढव, ड्रिलबिल सगळी थेरं आहेत." फेऱ्या वाढल्या, धाप तशीच राहिली, वर खांदा धरला.

सुटका केली शेजारच्या लेनमधल्या एका काकूंनी. त्यांनी मला कुशीवर आडवं केलं. खालचा हात पुढे लांब, वरचा मांडीला चिकटलेला, चेहरा पाण्यात, नजर तळाकडे आणि नुसती किक. त्यांनी दोन बोटांनी माझं डोकं मागून जरासं दाबलं, आणि बुडणारी कंबर तिथल्या तिथे वर आली. मग म्हणाल्या, "आता पाण्यातच फुगे सोड." तोवर मी श्वास कोंडून धरत होते, कारण सोडायला कुणी सांगितलंच नव्हतं. तोंड वळवल्यावर आधी सोडायचा आणि मग घ्यायचा, एवढा वेळ तिथे मिळतच नाही. धाप होती ती याची.

पाणी हवेपेक्षा सुमारे 800 पट दाट असतं. पाय खाली लोंबत असतील तर कितीही दम आणा, तो पाणी ढकलण्यातच जाणार.

तेव्हा आधी हीच साइड किक. ती जमली की सहा किकनंतर एक हात मारून कूस बदला. मग मुठी वळून पोहा, म्हणजे नुसत्या पंजाने नाही, कोपरापासून पुढच्या अख्ख्या हाताने पाणी कसं धरायचं ते कळतं. हे सगळं सावकाश, अंगात ताकद असताना, सुरुवातीलाच. रोज किती, तर आकार बिघडेपर्यंत. बिघडला की थांबा. 25 मीटरला किती हात लागतात ते मोजत जा, हळूहळू कमी व्हायला हवेत. किकबोर्ड, म्हणजे हातात धरून नुसते पाय मारायची ती तरंगती फळी, मला पटत नाही, तो धरून पुन्हा मान वर येते.

दादा अजूनही वीरधवल खाडेचं नाव काढतो, "कोल्हापूरचं पोर आशियाई पदक आणतं ते ड्रिल करून होय?" अरे, 2010 चं ते ब्राँझ 50 मीटर बटरफ्लायचं. पंचवीस सेकंदांच्या आत संपणारी शर्यत. तिथे हात आणि अंग जरा इकडेतिकडे झालं की पदक गेलं, नुसत्या फेऱ्या मारून ते येत नाही!

कॅच-अपही करा, म्हणजे एक हात पुढे येऊन दुसऱ्याला भेटेपर्यंत दुसरा हलवायचा नाही, पण अति नको, हात पुढे थांबून राहायची सवय लागते. खांदा दुखत असेल तर पॅडल्स, म्हणजे पंजाला लावायच्या त्या चकत्या, घालू नका. आणि धाप वेगळी, छातीत दुखणं वेगळं. तसं काही असेल तर आधी डॉक्टर. नसेल तर कोचना म्हणावं, एकदा पाण्यात उतरून माझी मान बघा, मग फेऱ्यांचं बोलू.