सर्जनशीलता, प्रकल्प आणि गुण : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

उच्च शिक्षणातील सर्जनशीलतेविषयी येणाऱ्या पत्रांत एकच गैरसमज वारंवार दिसतो. सर्जनशीलता म्हणजे अभ्यासक्रम ‘संपवून’ झाल्यावर, स्नेहसंमेलनाच्या आसपास करायची काही वेगळी गोष्ट, असे विद्यार्थी, पालक आणि प्राध्यापकही धरून चालतात. म्हणून अशी काही पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत.

बोटांच्या ठशांवरून मुलाची सर्जनशीलता सांगणारी चाचणी करून मग शाखा निवडावी का? (पालक, नाशिक)

करू नये. या चाचणीला शास्त्रीय आधार नाही. शाखेबद्दल खरोखरच संभ्रम असेल तर प्रशिक्षित समुपदेशकाला मुलासह भेटावे.

माझ्या वर्गात ९० विद्यार्थी आहेत. विचारमंथन घेतले की तेच चौघे बोलतात. काय करावे? (सहायक प्राध्यापक, सोलापूर)

बोलण्याआधी लिहायला लावावे. एकत्र बसून कल्पना सुचवण्याची विचारमंथनाची पद्धत लोकप्रिय करणारे ॲलेक्स ऑस्बॉर्न हे जाहिरात व्यवसायातले होते आणि गटात अधिक कल्पना सुचतात असा त्यांचा दावा होता. परंतु येल विद्यापीठातील एका प्रयोगात, ज्याचे निष्कर्ष १९५८ मध्ये प्रसिद्ध झाले, एकत्र बसलेल्या चौघांपेक्षा वेगवेगळे बसून विचार केलेल्या चौघांच्या एकत्रित यादीत अधिक कल्पना निघाल्या. प्रत्येकाला अर्धा कागद आणि पाच मिनिटे द्यावीत, नाव लिहू देऊ नये, कागद गोळा करून पुन्हा वाटावेत आणि प्रत्येकाने हाती आलेला कागद वाचावा. मागच्या बाकावरची कल्पना अशी पुढच्या बाकावरून ऐकू येते.

सेमिस्टर संपत आले आहे. तयार प्रकल्प विकत मिळतो आणि इतर लेखनाशी साम्य १० टक्क्यांच्या आत असेल तर चालते, असे सगळे म्हणतात. खरे आहे का? (एमकॉमची विद्यार्थिनी, जळगाव)

हे ‘सगळे’ कोण, हे मला एकदा पाहायचे आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार प्रबंध आणि लघुप्रबंधांतील १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, १० ते ४० टक्के असल्यास सहा महिन्यांच्या आत सुधारित प्रत द्यावी लागते, ४० ते ६० टक्के असल्यास वर्षभर प्रत सादर करता येत नाही आणि त्यापुढे नोंदणी रद्द होते. परंतु हे आकडे मजकुराच्या साम्याचे आहेत. संपूर्ण प्रकल्प दुसऱ्याने लिहिला आणि साम्य शून्य टक्के आले, तरी तो तुमचा होत नाही, आणि तो स्वतःचा म्हणून देणे ही फसवणूकच राहते.

एका तोंडी परीक्षेत माझ्यासमोर काळ्या रेक्झिनच्या बांधणीचा, सोनेरी अक्षरांचा देखणा प्रकल्प आला. मुखपृष्ठावर विद्यार्थ्याच्या गावाचे नाव होते, आतल्या प्रश्नावलीत मात्र ‘आपण लोकलने प्रवास करता का?’ असा प्रश्न होता. त्याच्या गावी रेल्वेच नव्हती! दुकानदाराने पैसे घेतले होते. उत्तर मात्र त्या मुलाला द्यावे लागले.

दोष केवळ विद्यार्थ्यांचा नाही. ‘ग्राहकांचे समाधान : एक अभ्यास’ हा विषय वर्षानुवर्षे दिला की त्याचे दुकान निघणारच. ‘आमच्या बाजार समितीत कांद्याचा भाव सकाळी आणि दुपारी वेगळा का असतो?’ हा प्रश्न कोणत्याही दुकानात तयार मिळत नाही, कारण त्यासाठी लिलावाच्या वेळी तिथे उभे राहावे लागते. प्रश्न पहिल्याच महिन्यात ठरावा, तारखा घातलेली नोंदवही असावी, मार्गदर्शकांनी दर पंधरवड्याला दहा मिनिटे ती पाहावी, आणि फसलेले प्रयत्नही तीत राहू द्यावेत; गुण द्यायचे झाले तर मी आधी त्या पानांना देईन. तुमच्याकडे वेळ कमी आहे, म्हणून विषय लहान करा, आजच मार्गदर्शकांना भेटा आणि मुदतवाढ मिळते का ते विभागप्रमुखांना लेखी विचारा.

सर्जनशीलतेला गुण देताना पक्षपाताचा आरोप होतो. निकष कोणते ठेवावेत? (प्राध्यापिका, रत्नागिरी)

निकष आधी जाहीर करावेत आणि दोन जाणकारांनी एकमेकांचे गुण न पाहता तपासावे. मानसशास्त्रज्ञ टेरेसा अमाबिले यांनी १९८२ मध्ये मांडलेली पद्धत याच तत्त्वावर उभी आहे : त्या क्षेत्रातील जाणकार स्वतंत्रपणे पाहून बऱ्याच अंशी एकमताने ज्याला सर्जनशील म्हणतात, ते सर्जनशील. नुसत्या नावीन्याला मात्र गुण देऊ नयेत; काम उपयुक्त किंवा सुसंगतही हवे. अंतर्गत गुणांची विभागणी बदलायची असल्यास आधी परीक्षा विभागाशी बोलून घ्यावे.

अभ्यासक्रमच आडवा येतो, तर शिक्षकाने करावे तरी काय? (सहायक प्राध्यापक, लातूर)

बहुतेक वेळा अभ्यासक्रम आडवा येत नाही, जुनी प्रश्नपत्रिका येते. ‘टीप लिहा’च्या जागी ‘या आकडेवारीतून दोन वेगळे निष्कर्ष काढा’ असा प्रश्न घालण्यास घटक चाचणीत तरी सहसा आडकाठी नसते. खरोखर अभ्यासक्रमातच अडचण असेल, तर नेमके कलम दाखवून अभ्यासमंडळाला, म्हणजे अभ्यासक्रम ठरवणाऱ्या विद्यापीठाच्या समितीला, लिहावे, आणि ते पुढच्या बैठकीची विषयपत्रिका निघण्यापूर्वी लिहावे.

प्रकल्पासाठी चॅटजीपीटी वापरले तर चालेल का? (विद्यार्थी, पुणे)

मार्गदर्शकांना विचारून आणि कुठे वापरले ते प्रकल्पात नमूद करूनच.