दूध पुरत नाही असं ठरवण्याआधी

सिझरच्या दुसऱ्या दिवशी दवाखान्यात पावडरचं दूध सुरू झालं, आता बाळ नऊ दिवसांचं आहे, रात्रभर रडतं आणि घरात सगळे ‘हिला दूधच नाही’ म्हणतात, असं तू लिहिलंयस. माझ्या थोरलीच्या वेळी अगदी हेच झालं. चौथ्या दिवशी घरी सोडताना हातात टाके आणि गोळ्यांचा कागद होता, पण बाळाला अंगावर कसं घ्यायचं हे कुणी बसून दाखवलं नव्हतं. तुझं काही चुकलेलं नाही गं.

सिझरनंतर पान्हा फुटायला एखादा दिवस जास्त लागू शकतो. रडण्यावरून दुधाचा अंदाज करू नकोस. संध्याकाळी बाळं तासातासाला मागतात, ते नेहमीचंच. शू मोज: या वयात दिवसरात्र मिळून निदान सहा वेळा व्हायला हवी. आणि वजन कर. पहिल्या दिवसांत ते थोडं उतरतं, साधारण दोन आठवड्यांत जन्माच्या वजनावर परत येतं.

आता पकड बघ, कारण माझं सगळं तिथेच अडलं होतं. बाळ नुसतं बोंड चोखत असेल तर तुला चिरा पडतात आणि त्याचं पोट भरत नाही. तोंड मोठं उघडेपर्यंत थांब, मग त्याला छातीशी आण. हनुवटी टेकलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला, काळा भाग वरच्या बाजूला जास्त दिसायला हवा. टाके दुखतात ना? बाळाला काखेखाली धरून पाज, पोटावर भार येत नाही. दिवसरात्रीत आठ ते बारा वेळा.

पावडर एकदम बंद करू नकोस. आधी अंगावर, मग लागेल तेवढंच वाटी-चमच्याने, आणि डॉक्टरांकडे वजन बघत हळूहळू कमी. दूध मागणीवर वाढतं. प्रत्येक वरच्या पाजण्याबरोबर थोडं पिळूनही काढ.

दवाखान्यात बाळंतपण झालं तरी आशाताईंच्या सहा भेटी ठरलेल्या असतात. पुढची चौदाव्या दिवशी. त्यांना समोर बसवून पाजून दाखव. त्याआधी बाळ सुस्त वाटलं, पिवळं दिसलं, शू कमी झाली, तर त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांकडे ने.

सासूबाईंशी वाद नको. रात्री पाजून झालं की ढेकर काढायला बाळ त्यांच्याकडे दे आणि तेवढा वेळ झोप.