ठाण्याच्या तरणतलावात सलग वीस फेऱ्या मारतो. सुट्टीत मुरबाडकडच्या गावातल्या तळ्यात पोहलो तर चालेल का?

चालेल, पण त्या वीस फेऱ्या हिशोबात धरू नका.

मी कळव्याचा. पोहायला शिकलो मामाच्या गावी, पाठीला पत्र्याचा डबा बांधून. पुढे ठाण्यात दोन वर्षं तरणतलावात घासली आणि त्याच गावच्या तळ्यात पुन्हा उतरलो, तर पन्नास-साठ हातांत छाती भरून आली. तरणतलावात २५ मीटरवर भिंत येते. ती ढकलताना मिळणारी उसंत आपण कधी मोजतच नाही. तळ्यात भिंत नाही, तळाची काळी रेघ नाही, गढूळ पाण्यात स्वतःचा कोपरसुद्धा दिसत नाही. सरळ चाललोय असं वाटत होतं. मान वर काढली तर समोर असायला हवा तो देवळाचा कळस पार उजव्या खांद्यामागे! तेव्हापासून दर सात-आठ हातांनी डोळे वर काढून काठावरची उंच खूण बघतो. आणि पोहतो ते काठाला धरून, आडवं तळं कापत नाही.

उतरण्याआधी तळं कोणाचं ते विचारा. भातसा, तानसा, मोडकसागर ही पिण्याच्या पाण्याची धरणं, तिथे हा विषयच नको. पावसाळ्यात तर कुठेच नको. गावतळं असेल तर मासे धरणाऱ्याला गाठा. जाळी कुठे लावलीत, गाळ कुठे आहे, हे त्याच्याइतकं कोणाला माहीत नसतं. गाळात पाय रुतला तर दुसऱ्या पायावर जोर देऊ नका, तोही जातो. पाठीवर आडवे व्हा, हातांनी पाणी मारत पाय हळूहळू सोडवा. सूर मात्र मारायचा नाही, गेल्या वर्षीची खोल जागा यंदा गाळाने भरलेली असू शकते.

कमरेला बांधायचा नारिंगी फुगा मिळतो, तो घ्या. दमलात तर धरून तरंगता येतं. कयाक चालवणार असाल तर लाइफ जॅकेटचे सगळे पट्टे लावून कोणाला तरी ते खांद्यांपाशी धरून वर ओढायला सांगा; कानापर्यंत आलं तर मोठं आहे. पट्टे उघडे टाकून नुसतं शर्टासारखं घालणारे बघितले की माझं डोकं फिरतं.

एकटे जाऊ नका. आमच्या मामांना पोहता येत नाही, पण मी पाण्यात असलो की ते बांधावर दोरी आणि झाकण घट्ट लावलेला पाच लिटरचा रिकामा कॅन घेऊन बसतात. बुडणारा माणूस बहुधा ओरडत नाही, आणि त्याच्यामागे उडी घेणाराही त्याच्या मिठीत सापडतो. म्हणून आधी कॅन फेकायचा. बाहेर काढल्यावर पोट दाबणं, उलटं टांगणं हे प्रकार नकोत. श्वास नसेल तर तोंडाने श्वास द्या, छाती दाबायला लागा, दुसऱ्याने १०८ फिरवायचा.

पहिल्या खेपेला सकाळी सातला जा. अकरानंतर काठावर पार्टीवाले जमतात आणि फुटक्या बाटल्या पायात येतात.