ऐंशीच्या दशकातलं हेवी मेटल ऐकायला सुरुवात कुठून करावी

मित्रा, 'टॉप हंड्रेड'च्या याद्या बाजूला ठेव. आधी आयर्न मेडनचा १९८२ चा 'द नंबर ऑफ द बीस्ट' सलग ऐक. गायक ब्रूस डिकिन्सन बँडमध्ये आल्यानंतरचा हा पहिलाच अल्बम. शीर्षकगीतात दबक्या आवाजानंतर तो जी आरोळी ठोकतो, तिथे आवाज अजिबात कमी करू नकोस.

मग थेट १९८६. मार्चमध्ये मेटालिकाचा 'मास्टर ऑफ पपेट्स' आला आणि सप्टेंबरमध्ये स्वीडनमध्ये बस उलटून त्यांचा बेस गिटारवादक क्लिफ बर्टन गेला, अवघ्या २४ व्या वर्षी. त्याच अल्बममधलं 'ओरायन' हेडफोन लावून ऐक. मध्येच सगळं ओसरतं, एकटा बेस उरतो आणि त्यावर गिटार हळूहळू चढत जाते. मला विचारशील तर त्या दशकातलं सगळ्यात सुंदर वादन तेच.

स्लेअरचा 'रेन इन ब्लड'ही त्याच वर्षीचा, जेमतेम अर्ध्या तासाचा. तो कान तयार झाल्यावर.

डेफ लेपर्ड हा बँड काहींना गुळगुळीत वाटतो. वाटू दे. ड्रमर रिक ॲलनचा डावा हात १९८४ च्या शेवटच्या दिवशी अपघातात गेला. हाताचे ठोके पायाच्या पेडलवर घ्यायला शिकून तो ऑगस्ट १९८६ मध्ये इंग्लंडमधल्या डॉनिंग्टनच्या रॉक महोत्सवात पुन्हा वाजवायला बसला. त्यानंतरचा त्यांचा अल्बम 'हिस्टेरिया' ऐकताना लक्ष ड्रमकडेच ठेव.