तोहोऊ कुठून सुरू करावं?

तोहोऊ म्हणजे गोळ्यांच्या वर्षावातून वाट काढायच्या जपानी व्हिडिओ गेमची मालिका. सगळे गेम ओळीने खेळायच्या भानगडीत पडू नकोस. पहिले पाच पीसी-९८ या जुन्या जपानी संगणकावरचे. ते नंतर, हौस म्हणून. विंडोजवरचा पहिला, म्हणजे सहावा, २००२ चा. पण मी सांगेन, २००३ चा सातवा आधी घे. त्यात शिफ्ट दाबून ठेवलंस की पात्र हळू सरकतं आणि अंगावरचा तो छोटा ठिपका दिसतो. गोळी त्या ठिपक्याला लागली तरच जीव जातो; झग्याला, केसांना चाटून गेली तर काही नाही. सहाव्यात ठिपका दिसतच नाही, अंदाजाने खेळावं लागतं.

आणि गोळ्या मोजू नकोस. खडकांतून होडी काढणारा आपला तांडेल खडकांकडे नाही, पाण्याकडे बघतो, तसं मोकळी जागा बघ. अडकलास की एक्स दाबून बॉम्ब टाक. बॉम्ब शिल्लक ठेवून मरणारे नवखे फार!

बाकी, हे जुने गेम हलके आहेत, घरच्या जुन्या लॅपटॉपवरही चालतील. पावसाळ्यात लाईट गेली तरी बॅटरीवर एखादा डाव होतो.

चाहत्यांच्या कामाचा तर समुद्र आहे. मालिकेचा कर्ता झुन एकटा कोड, चित्रं, संगीत करतो आणि इतरांना अटी घालून त्यावरून गेम, गाणी, चित्रकथा बनवू देतो. 'बॅड ॲपल' या गाण्याची मूळ चाल मालिकेतल्या १९९८ च्या गेममधली. गाजली ती चाहत्यांची आवृत्ती. मात्र चाहत्यांच्या चित्रकथांतला स्वभाव मूळ पात्राचा समजू नकोस. गोळ्यांचा कंटाळा आला तर 'लूना नाइट्स' खेळ, तोही चाहत्यांचाच.