वाचकांचे प्रश्न : बेदाणा शेडवरचा सर्व्हे आणि परवानगीचा घोळ

प्रश्न : मी एमबीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रबंधाचा विषय : तासगाव भागातल्या बेदाणा शेडवर निवडीचं काम करणाऱ्या महिलांचं कामातलं समाधान. एक शेडमालक वडिलांच्या ओळखीचे आहेत. ते म्हणतात, ‘फॉर्म मुकादमाकडे दे, दोन तासांत साठ भरून मिळतील.’ गाइड मात्र संशोधनातील नैतिकतेवर वेगळं प्रकरण मागतात. मालकांची परवानगी असल्यावर आणखी काय लागतं?
– विद्यार्थिनी, मिरज

उत्तर : साठ फॉर्म दोन तासांत मिळतील यात शंका नाही. त्यातल्या बहुतेकांवर ‘समाधानी’ला टिक असेल, यातही नाही. ज्याच्या हातून हजेरी लागते त्याच्याच हातात फॉर्म द्यायचा असेल, तर कोणती बाई तक्रार लिहील? नैतिकतेची चूक आणि माहितीची चूक इथे एकच आहे, म्हणून ते प्रकरण शेवटी चिकटवू नका. प्रश्नावलीच्या आधी लिहायला घ्या.

मालकांची परवानगी लागतेच, पण ती फक्त आत येण्याची. बोलायचं की नाही हे प्रत्येक बाईने स्वतंत्रपणे ठरवायचं. मालकांकडून लेटरहेडवर पत्र घ्या आणि त्यात तीन गोष्टी आवर्जून लिहून घ्या : कोण सहभागी झालं हे ते विचारणार नाहीत, भरलेले फॉर्म मागणार नाहीत, आणि नकार देणारीच्या कामावर परिणाम होणार नाही. त्यांना शेवटी एकत्रित निष्कर्षांचा सारांश द्यायला हरकत नाही. या अटींवर ते बिथरले, तर शेड बदला. ओळखीतल्या माणसाला नाही म्हणणं अवघड जातं, पण फॉर्म भरून झाल्यावर ते आणखी अवघड होतं. वडिलांची ओळख आहे ही गोष्टही प्रबंधात एका वाक्यात नोंदवा.

संमतीपत्र मराठीत, एका पानाचं, मोठ्या अक्षरात हवं. तुम्ही कोण, कॉलेज कोणतं, काय विचारणार, किती वेळ लागेल, माहिती कुठे राहील, नको वाटलं तर मधेच थांबता येईल आणि अमुक तारखेपर्यंत माहिती काढून घेता येईल, एवढं त्यात यावं. ही तारीख विश्लेषण सुरू करण्याच्या आधीची ठेवा. खाली तुमचा आणि गाइडचा संपर्क. रेकॉर्डिंगसाठी संमतीची चौकट वेगळी. बोलायला तयार असलेली बाई रेकॉर्डिंगला तयार असेलच असं नाही. जिला वाचता येत नाही तिला पत्र वाचून दाखवा आणि त्रयस्थ साक्षीदारासमोर अंगठा घ्या. साक्षीदार म्हणून मुकादम चालणार नाही. मात्र निनावी सर्व्हेत सही-अंगठा हाच ओळखीचा पुरावा होऊन बसतो. तिथे तोंडी संमती घेऊन तशी नोंद तुम्ही करावी, आधी गाइडची मान्यता घेऊन.

आता जागा आणि वेळ. द्राक्ष हंगामात, म्हणजे साधारण फेब्रुवारी ते एप्रिल, शेडवर घाई असते. जेवणाच्या सुट्टीत मुलाखत घेतली तर तुम्ही तिची विश्रांती घेता. काम सुटल्यावर घेतली तर गावाकडे जाणारी गाडी एकीसाठी खोळंबते आणि बाकीच्या जणी तिच्यावर चिडतात. सुट्टीच्या दिवशी त्यांच्या गावात, मैत्रिणीला सोबत घेऊन जाणं हे सगळ्यात बरं. पंधरा-वीस मिनिटांत संपेल एवढेच प्रश्न ठेवा आणि आधी चार-पाच जणींवर तपासून पाहा. चहा-नाश्ता ठीक, पण एका दिवसाच्या मजुरीएवढे पैसे देऊ केलेत तर ‘नाही’ म्हणण्याची मोकळीक उरत नाही.

सगळ्यात जास्त चुका नाव लपवण्यात होतात. नाव काढलं की झालं, असं वाटतं. पण ‘वय 48, विधवा, बारा वर्षांचा अनुभव, गटप्रमुख’ असं लिहिलंत की अख्ख्या शेडला ती कोण हे कळतं. वय पाच-दहा वर्षांच्या गटात द्या. तक्त्यातल्या एखाद्या घरात पाचपेक्षा कमी जणी येत असतील, तर ते घर शेजारच्यात मिळवा. शेडचं नाव आणि गाव गाळा. ‘तासगाव तालुक्यातील एक शेड’ पुरे. प्रत्येकीला क-1, क-2 असा संकेतांक द्या, आणि संकेतांक कुणाचा ही यादी उत्तरांपासून वेगळ्या, पासवर्डच्या फाइलमध्ये ठेवा. आभाराच्या पानावर मालकांचं नाव छापून सगळ्यावर पाणी ओतू नका! हे सर्रास होतं.

बोलता बोलता कुणी छळाची गोष्ट सांगितली तर? ‘सगळं गुप्त राहील’ असं वचन आधी देऊन बसू नका. अल्पवयीन मुलाला धोका दिसला तर गाइडशी बोलावं लागेल, हे सुरुवातीलाच सांगा. जवळ एक चिठ्ठी ठेवा : महिला हेल्पलाइन 181, बालकांसाठी 1098. लैंगिक छळाची तक्रार 2013 च्या कायद्याखाली होते. दहापेक्षा कमी कामगार असतील किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर ती जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. चिठ्ठी सगळ्यांनाच द्या, म्हणजे एकटीकडे बोट जात नाही.

प्रश्न : भाऊ पतसंस्थेत नोकरीला आहे. थकबाकीदारांची यादी तो पेनड्राइव्हवर देऊ शकतो. कर्जवसुलीवरच्या प्रबंधासाठी वापरू का? नावं छापणार नाही.
– विद्यार्थी, कराड

उत्तर : नाही. कर्जदारांनी माहिती संस्थेला कर्जासाठी दिली, तुम्हाला नव्हे. शिवाय भावाची नोकरी पणाला लागते. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या 2023 च्या कायद्यात संशोधनाला सवलत आहे, पण ठरलेली मानके पाळली आणि त्या माहितीवरून कुणा एकाबद्दल निर्णय घ्यायचा नसेल तरच. चोरून आणलेली यादी त्यात बसवायला जाऊ नका. व्यवस्थापनाला लेखी अर्ज करा आणि नाव, पत्ता, खाते क्रमांक त्यांनीच काढून टाकलेला तक्ता मागा : कर्जाचा प्रकार, रकमेचा गट, थकबाकीचे महिने. एवढ्यावर प्रबंध होतो. नाहीच दिला, तर संस्थेच्या छापील वार्षिक अहवालातल्या आकड्यांवर विषय बेता.

प्रश्न : गुगल फॉर्मवर नाव विचारलं नाही, तर सर्व्हे निनावी झाला ना?
– विद्यार्थिनी, सातारा

उत्तर : आधी सेटिंग्जमध्ये ईमेल गोळा करणं बंद आहे का ते पाहा. फाइल जोडायला लावणारा प्रश्न टाकला, तर भरणाऱ्याला लॉगिन करावंच लागतं. उत्तरांच्या शीटमध्ये वेळेचा रकाना आपोआप येतो : एकेकाला वेगवेगळ्या वेळी लिंक पाठवलीत, तर कोणतं उत्तर कुणाचं हे तुम्हालाच ओळखू येईल. म्हणून लिंक सगळ्यांना एकाच वेळी पाठवा आणि विश्लेषणाआधी तो रकाना काढा. ऑफिसच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर, जिथे साहेबही आहेत, तिथे ‘फॉर्म भरला’ असे अंगठे मागू नका.